सवाष्णीची शिवण

सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला की चिंचवडच्या त्या कॉलनीतले पुरुष सायकली काढून पिंपरीच्या वाटेला लागत आणि मग कॉलनी बायकांची होई. अशा वेळी मधुसूदनरावांच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत शिवणयंत्र घरघरू लागे. मागच्या दाराशी एकेक बाई येऊन उभी राही, पदराआड कापड घेऊन. पदराआड कशाला? चोरीचा माल होता का? छे हो! कापड चांगलं दुकानातून आणलेलं, बाई चांगल्या घरची. पण मशीनवर बसलेली बाई विधवा होती, आणि आपण आपलं शुभकार्याचं कापड विधवेकडे देतो आहोत हे शेजारणीला दिसायला नको होतं. शेजारीण स्वतः कालच देऊन गेलेली असायची, ती गोष्ट वेगळी.

या बाईचं नाव चारुलता. मधुसूदनरावांच्या थोरल्या भावाची, शरच्चंद्राची, ती बायको. शरच्चंद्राने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिला हौसेने शिवणयंत्र आणून दिलं होतं. पुढे तो काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. मग मधुसूदनरावांनी वहिनीला आपल्या घरी आणलं, वहिनीबरोबर मशीनही आणलं, आणि कॉलनीने त्यांची तोंड भरून स्तुती केली. धाकट्या दिराने आधार दिला म्हणे! त्या आधाराखाली वहिनी घरातले पडदे, अभ्रे, लेंगे, परकर, भाचरांची झबली आणि मृदुलाबाईंच्या मैत्रिणींचे ब्लाउज शिवत होती. कोणी कोणाला आधार दिला होता हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

आता या घरातली रीत सांगायला हवी. ऐकून हसू आलं तर हसून घ्या, नंतर येणार नाही.

रोजचे कपडे चारुलतेने शिवले तर चालत. पण बारशाचं झबलं, डोहाळजेवणाचा ब्लाउज, लग्नामुंजीचं काही आलं, की ते बेतायचं चारुलतेने, कापायचं चारुलतेने, शिवायचंही चारुलतेनेच. फक्त डाव्या कुशीची शिवण मोकळी ठेवायची. तेवढी एक शिवण घालायला धाकट्या जाऊबाई, सौ. मृदुलाबाई, कपाळावरचं कुंकू नीट करून मशीनवर बसत. ती शिवण पडली की अख्खा कपडा सवाष्णीच्या हातचा झाला! मग बायका एकमेकींना सांगत, “मृदुलाबाईंच्या हातचा आहे हो, काय बसलाय बघा.”

मृदुलाबाईंना मशीनचं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांची शिवण जत्रेतून परतणाऱ्या पोरासारखी वाट सोडून कुठेही जायची. दोरा गुंते, कापड चुणे, कूस काखेत टोचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच बाई मागच्या दाराशी हजर. “चारूताई, जरा हे…” चारुलता ती शिवण उसवी आणि नवी घाली. म्हणजे त्या कॉलनीतल्या एकाही कपड्यावर सवाष्णीची शिवण एका दिवसापेक्षा जास्त टिकलेली नव्हती! हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवाला तेवढं ठाऊक नसावं, अशी सगळ्यांची सोयीची समजूत होती.

आणि चारुलता? तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण पानातलं लोणचं डावीकडे वाढायचं तशी डावी कूस मोकळी ठेवायची, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. तिचा सगळा जीव होता पुतणीत. मृदुलाबाई भिशीला, हळदीकुंकवाला गेल्या की सुमेधा काकूच्या मशीनशेजारी सतरंजीवर खेळायची. पुढे तिथेच अभ्यास केला, तिथेच बी. कॉम. झाली. तिचं लग्न ठरलं निघोज्याच्या नंदकिशोरशी. मुलगा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर. सुमेधेने ही बातमी आईच्याही आधी काकूला सांगितली, मशीनच्या चाकावर हात ठेवून चाक थांबवून. “काकू, शालूवरचा ब्लाउज तूच शिवायचा हं. दुसऱ्या कोणाचा मला बसतच नाही.” चारुलतेच्या डोळ्यांत पाणी आलं. या एका ब्लाउजसाठी तिने मनातल्या मनात किती बाह्या कापल्या असतील!

त्याच वर्षी गणपतीत कॉलनीच्या मंडळाने व्याख्यान ठेवलं. वक्ते कोण? आपले मधुसूदनराव. ते कंपनीत कामगार कल्याण अधिकारी होते. मोशीकडचं आपलं खेडं आणि खेड्यातली भाषा दोन्ही त्यांनी केव्हाच मागे टाकली होती आणि सभेत बोलताना ते चष्मा काढून हातात घेत. विषय होता, ‘यंत्रयुग आणि स्त्री’. चारुलता रंगमंचाच्या पडद्यामागे चहा गाळत होती.

“सज्जनहो,” मधुसूदनराव म्हणाले, “शिवणयंत्राचा शोध का रखडला होता ठाऊक आहे? संशोधक हाताची नक्कल करणारं यंत्र करू पाहत होते. हातशिवणीच्या सुईचं नेढं असतं बुडाशी. ते टोकाशी आणलं, दोन दोरे एकमेकांत अडकवले, आणि काम झालं! जुनी सवय सोडली म्हणून झालं! त्याआधी फ्रान्समध्ये एका शिंप्याने शिवणयंत्रं चालवली, तर बाकीच्या शिंप्यांनी चालून जाऊन ती मोडून टाकली. का? भीती! अज्ञान! पण यंत्र थांबलं नाही. यंत्राला जात नाही, यंत्राला सोयरसुतक नाही. पायडलवर पाय कोणाचा आहे, हे यंत्र विचारत नाही!”

काय टाळ्या पडल्या म्हणता! मृदुलाबाईंनी पहिल्या रांगेत बसून वाजवल्या. पडद्यामागे चारुलतेच्या हातातली गाळणी तशीच राहिली. इतकी वर्षं ज्याला ती देवाधर्माचा नियम समजत होती, तो भीती आणि अज्ञान आहे असं घरचा कर्ता पुरुष भरसभेत सांगत होता. तिला वाटलं, भाऊजी आपल्याचसाठी बोलताहेत. घरात तोंडावर बोलायला संकोचत असतील म्हणून असं बोलताहेत.

भोळी बाई! तिने भाषण खरं मानलं. सुशिक्षितांच्या घरात इतकी वर्षं काढूनही तिला भाषण आणि बोलणं यांतला फरक कळला नव्हता.

मार्गशीर्षात लग्न होतं. मृदुलाबाई शालूचं कापड घेऊन मागच्या खोलीत आल्या.

“वहिनी, डावी कूस मोकळी ठेवा हं. आनंदाच्या भरात विसराल.”

“आपल्या सुमीच्या ब्लाउजचीही, मृदुला?”

“अहो, सुमीच्याच तर! बाहेरच्यांचं एक वेळ चालून जाईल. निघोज्याची माणसं येणार मुहूर्ताला. ती गावाकडची, त्यांना असलं फार लागतं. आम्ही काही मानत नाही हो, पण त्यांच्यासाठी करावं लागतं.”

आम्ही मानत नाही, पण! या ‘पण’वर आपल्या समाजातले किती संसार उभे आहेत कोण जाणे.

चारुलतेने माप घेतलं. मुंढा बेतला, कटोरी कापली, अस्तर लावलं. जरीकाठ बाहीवर असा बसवला की जोड शोधून सापडू नये. उजवी कूस झाली. डावी राहिली. सवयीने तिने ब्लाउजची घडी घातली आणि बाजूला ठेवला. मग परत उलगडला. या पोरीला मी न्हाऊ घातलं, तिच्या तापात मी जागले, पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा घाबरून ती माझ्या कुशीत येऊन रडली. तेव्हा नाही का माझा हात लागला? आणि भाऊजींनी तर सांगितलंय. तिने सुईखाली डावी कूस धरली आणि पायडल मारलं. शिवण सरळ रेषेत गेली. दोरा तोडून तिने तो ब्लाउज छातीशी धरला. कोणाला फसवल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही, उलट फार दिवसांनी फसवणूक थांबवल्यासारखं वाटलं.

लग्नाआधी जात्यावर हळद दळायचा मुहूर्त असतो, त्या दिवशी मशीन उचलून पुढच्या खोलीत आणलं गेलं. क्वार्टरमध्ये जातं कुठून असणार? म्हणून कॉलनीने नवीच प्रथा काढली होती: मशीनच्या चाकाला हळकुंड बांधायचं, पाच सवाष्णींनी चाकाला हात लावायचा आणि नवरीच्या आईने लग्नाच्या ब्लाउजची शेवटची शिवण घालायची. जुनं तर सोडायचं नाहीच, वर नव्याच्याही गळ्यात तेच बांधायचं! मशीनला हळदकुंकू झालं, हार झाला. जी बाई ते रोज चालवी ती मागच्या खोलीत, दार लोटून.

खोली बायकांनी भरली होती. नंदकिशोरची आत्या सोजरबाई निघोज्याहून आली होती, हातभर हिरव्या बांगड्या भरून. सुमेधा पाटावर बसली होती. पाच जणींनी चाकाला हात लावला. मृदुलाबाई मशीनवर बसल्या, तबकातला ब्लाउज उचलला आणि मोकळी कूस शोधू लागल्या. सापडेना. उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. चेहरा पांढराफटक!

“काय झालं, इहीनबाई?” सोजरबाई म्हणाली. “शिवा की. मुहूर्त टळंल.”

“शिवून… शिवून झालाय.”

“आँ? आन् कुनी शिवला?”

मृदुलाबाईंनी ब्लाउज परत तबकात ठेवला. चाकाला हात लावलेल्या पाचींच्या अंगातले ब्लाउजही मागच्या खोलीतूनच आले होते, आणि त्या सगळ्या अशा जमिनीकडे बघत होत्या की जणू कधी सुई पाहिलीच नाही.

सोजरबाईने मागच्या दाराकडे पाहिलं. “ती थोरली जाव हाय तुमची, तिनं व्हय? अगं बया! नवरीच्या चोळीला?”

गलबला ऐकून मधुसूदनराव आत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला.

“त्यात घाबरण्यासारखं काय आहे? एक शिवण उसवायची. मुहूर्तावर मृदुला परत घालील. झालं!”

केवढी अक्कल! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण कात्री हातात घ्यायची वेळ आली तेव्हा मृदुलाबाईंनी हात मागे घेतला. सवाष्णीने, नवरीच्या आईने, मुहूर्ताला लेकीची चोळी उसवायची?

“आमच्यात न्हाई उसवत,” सोजरबाई म्हणाली. “पोरीचा संसार उसवायचाय का?”

कात्री दुसरीपुढे गेली, तिसरीपुढे गेली. जी ती पदर सावरून सरकली. ठेवावा तर विधवेच्या हातचा, उसवावा तर अपशकुन! स्वतःच विणलेल्या जाळ्यात सगळ्या जणी अडकल्या होत्या, आणि ते जाळं मोडावं असं एकीच्याही मनात आलं नाही. त्यांच्या मनात दुसरंच आलं. पाची जणींची नजर हळूच मागच्या दाराकडे गेली. मधुसूदनरावांची तर सर्वांत आधी.

त्यांनी दार ढकललं. आवाजात गोडवा आणला. “वहिनी, जरा बाहेर या. एवढी शिवण तुम्ही उसवून द्या. तुम्हाला काय… म्हणजे तुमच्या हाताने उसवलं तर काही बाधणार नाही.”

वाचकहो, हा माणूस कामगार कल्याण अधिकारी होता. ज्या हाताने शिवलं तर मुलीचं अकल्याण, त्याच हाताने उसवलं की कल्याण, हा हिशेब त्याने उभ्या उभ्या मांडला आणि त्याची जीभ झडली नाही.

चारुलता उंबरठा ओलांडून पुढच्या खोलीत आली. बायकांनी साड्या आवरून घेतल्या. ती कोणाकडे न बघता सुमेधेसमोर थांबली. तिला वाटत होतं, ही तरी बोलेल. बाकीच्या जगाची तिला पर्वा नव्हती.

“सुमे, तू सांग.”

सुमेधेने मान वर केली नाही. “काकू, उसव ना गं. एवढीशी तर शिवण आहे. कशाला सगळ्यांसमोर…”

नवरा गेला तेव्हा लोकांनी चारुलतेचं कुंकू पुसलं होतं; ते निदान परके होते. मग ती मधुसूदनरावांकडे वळली.

“भाऊजी, गणपतीत तुम्ही म्हणालात, यंत्राला सोयरसुतक नसतं. पाय कोणाचा आहे हे यंत्र विचारत नाही. मी तिथे चहा गाळत होते. मला ते खरं वाटलं.”

“अहो वहिनी,” मधुसूदनराव दबक्या आवाजात खेकसले, “ते भाषण होतं!”

“मला नव्हतं माहीत,” चारुलता म्हणाली. “आजवर तुम्ही म्हणाल ते केलं. शिवलं, उसवलं, परत शिवलं. हा मी उसवणार नाही. हा पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातचा आहे. ज्यांना तो नको त्यांनी आपल्या हाताने उसवावा. कात्री तिथेच आहे.”

ती मागे गेली नाही, तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. कात्री तबकात पडून होती. एकही हात पुढे झाला नाही.

मग काय केलं त्या थोर लोकांनी? दुसऱ्या दिवशी मृदुलाबाई बसने पुण्याला गेल्या आणि लक्ष्मी रोडवरच्या दुकानातून शालूच्या रंगाचा तयार ब्लाउज घेऊन आल्या. तो कोणी शिवला होता? सवाष्णीने, विधवेने, टाकलेल्या बाईने, कोणत्या खोलीत, कोणत्या मशीनवर? कोणी विचारलं नाही. सोजरबाईनेही हात फिरवून “झ्याक हाय” म्हटलं. दुकानदाराने कागदी पिशवीत घालून दिलं की ते आपोआप पवित्र होतं. विटाळ फक्त ओळखीच्या हाताला असतो, ज्या हाताचं रोज खातो-पितो त्या हाताला.

लग्न चिंचवडच्या कार्यालयात लागलं. चारुलतेला नेलं नाही. घर राखायला कोणीतरी हवं ना! अंतरपाट दूर झाला, सुमेधेने माळ घालायला हात उचलले, आणि तयार ब्लाउजचा मुंढा काखेत टर्रकन फाटला. पोरीने उजवा हात अंगाशी घट्ट धरून, आत टाचण्या टोचून घेत, सप्तपदी पुरी केली. हा मात्र अपशकुन नव्हता हं! “दुकानातलं असंच असतं,” असं म्हणून सगळ्या सवाष्णी जेवायला बसल्या.

इकडे चारुलतेने रिकाम्या घरात मशीन ओढत ओढत पुढच्या व्हरांड्यात आणलं. दमली, मध्ये बसली, परत उठून ओढलं. वऱ्हाड परतलं तेव्हा ती भर रस्त्यासमोर बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

पाहुणे पांगल्यावर मधुसूदनराव गरजले, “मशीन आत घ्या. या घरात राहायचं असेल तर…”

“तर काय? जाते. मशीन माझं, हात माझे. भोसरीत शिवणाऱ्या बाया हव्याच आहेत. इथे राहिले तर मशीन इथेच राहील आणि कापड पुढच्या दाराने येईल. अर्धं काम मी घेणार नाही.”

मधुसूदनराव चष्मा पुसत आत गेले. घरातलं शिवणकाम कोण करणार, हा प्रश्न त्यांना धर्मापेक्षा जड वाटला असावा. कॉलनीतल्या बायकांनी नाकं मुरडली आणि पिंपरीतल्या एका शिंप्याकडे कापडं नेली. शिंप्याची बायको आहे की वारली, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. पुरुषाच्या हाताला विधुरपण लागत नसतं! पुढे शिंप्याच्या ब्लाउजांनी काखा काचू लागल्या तशा एकेक करून त्या व्हरांड्याच्या पायऱ्या चढल्या. विवेकाने नव्हे, काखेने! आल्या तरी पुरे, असं चारुलता म्हणे. पण तिची नजर असे रस्त्याकडे.

सुमेधा पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली आणि आई स्वयंपाकघरात असताना काकूजवळ येऊन बसली. खूप रडली.

“काकू, मी चुकले गं. तो तू शिवलेला ब्लाउज मला दे. घालीन मी.”

“कधी घालशील?”

“घरात घालीन. सणाला… कोणाला सांगायचं नाही फक्त. सासरी आत्याबाई आहेत ना.”

तो ब्लाउज ठेवला होता त्या पेटीच्या कडीपर्यंत चारुलतेचा हात गेला होता. द्यावा का? पोरगी रडते आहे, आपलीच आहे. तिला फार फार द्यावासा वाटत होता. तिने हात मागे घेतला.

“चोरून घालायला मी शिवला नाही, सुमे. ज्या दिवशी तुझ्या सासरच्या चार बायकांत म्हणशील, हा माझ्या काकूने शिवलाय, त्या दिवशी ये. मी स्वतः हुक लावून देईन.”

सुमेधा डोळे पुसत उठली आणि आत आईकडे गेली. चारुलता तिथेच मशीनवर डोकं टेकून पोटभर रडली. मग उठून तिने दोरा ओवला, कारण रस्त्यावरून एक बाई कापड घेऊन येत होती, आणि कापड पदराआड नव्हतं.

सुमेधा अजून आलेली नाही. चारुलतेने फारच ताणलं, लेकरावर दया करायला हवी होती, असं म्हणणारे भले लोक आहेत. हे वाचतानाही कोणाच्या मनात ते आलं असेल. त्यांना एकच विनंती. ती दया घेऊन त्यांनी निघोज्याला जावं, सुमेधेला गाठावं आणि सांगावं की चार बायकांत एक वाक्य बोलायला मरण येत नाही. आणि जाण्यापूर्वी आपल्या घरातल्या मागच्या खोलीचं दार एकदा उघडून, आत कोण बसलं आहे ते बघून जावं.